दिवसाची पोपटी

सुलूताई गेल्याची बातमी मला जिन्यात कळली, आणि ती कशाने गेली हेही तिथेच कळलं. पहिली बातमी खरी होती. दुसरी साफ खोटी. मी भाजी घेऊन येत होते. तळमजल्यावरच्या साळवीकाकू भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या आणि जो येईल त्याला सांगत होत्या, "मी म्हणत होते तिला, या वयात सायकल नको गं..." साळवीकाकू स्वतः दर वर्षी आमच्याबरोबर सायकलवर असतात, हे त्या क्षणी त्या विसरल्या होत्या. मी पिशवी तिथेच टाकून दुसऱ्या मजल्यावर धावले. सुलूताई दिवाणावर आडवी होती. दीपाली, तिची सून, तिचे तळवे चोळत बसली होती, आणि बाजूला परातीत अर्धे सोललेले मटार होते. डॉक्टर येऊन गेले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, काही कळायच्या आत संपलं, असं म्हणाले. आणि सायकल? ती बिचारी पंधरवडाभर पार्किंगमध्ये पंक्चर होऊन उभी होती.

पुढचे दिवस लोक येत राहिले. बसायचे, चहा नको म्हणायचे, मग घ्यायचे, आणि निघताना दारात चपला शोधता शोधता हळूच विचारायचे, "सायकलवरून पडल्या होत्या म्हणे?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगितलं. मग कंटाळा आला, मग राग. सुलूताईच्या एका दूरच्या नातेवाइकांना मी तोंडावर म्हटलं, "मटार सोलताना गेल्या त्या. आता घरोघरी मटार बंद करायला सांगणार का?" नीलेशने, तिच्या मुलाने, माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून जावं. पण कोपऱ्यात दीपालीने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

गेलेल्या माणसावर लिहायचं तर शांत स्वरात लिहावं, गुण सांगावेत, उणीव भासते म्हणावं, एवढं मला कळतं. मला ते जमणार नाही. मी चिडलेली आहे. सुलूताई गेली म्हणून तर चिडलेली आहेच, पण ती गेल्यावर लोकांनी तिचं जे काही करायला घेतलं त्याच्यावर जास्त.

ती एसटीत कंडक्टर होती. नवरा एसटीत ड्रायव्हर, तो ऐन उमेदीत आजारपणात गेला, आणि त्याच्या जागी हिला घेतलं. नीलेश तेव्हा प्राथमिक शाळेत. पहिल्या फेरीची ड्यूटी असली की ती अंधारातच नव्या पनवेलहून सायकलने डेपो गाठायची. "सगळ्या जगाला कामावर पोचवणारी गाडी मी सोडते, पण मला डेपोत पोचवणारी गाडी कुणी सोडलेली नाही," असं म्हणायची. सायकल ही तिची हौस नव्हती, गरज होती. हौस नंतर झाली. आवाज मात्र पहिल्यापासून कंडक्टरचाच. इमारतीच्या जिन्यात कुणी गप्पा मारत उभं असलं की मागून हाळी यायची, "पुढे सरका, मध्ये जागा आहे." मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, घरी गणिताच्या शिकवण्या घेते. माझी मुलं अपूर्णांकात अडकली की खालून तो आवाज यायचा आणि सगळी खदाखदा हसायची. मला ती मास्तरीणबाई म्हणायची. पुढे पुढे नुसतं "मास्तर".

आमची मैत्री झाली ती संक्रांतीमुळे, म्हणजे संक्रांत आमच्या वाट्याला यायची नाही म्हणून. जानेवारी लागला की इमारतीत हळदीकुंकवाची धामधूम. नटूनथटून बायका प्रत्येक मजल्यावर आमंत्रणं करत फिरणार आणि दोन दारं बरोब्बर टाळणार. एक तिचं, एक माझं. तिचा नवरा गेलेला, आणि मी तर नवरा केलेलाच नाही. माझ्यासारखीचं काय करायचं हे कुणाला ठरवताच येत नसे, म्हणून माझ्या दारासमोरून त्या जरा भरभर जायच्या. "प्लास्टिकच्या चाळण्यांना मुकलो गं आपण," असं म्हणून सुलूताई हसायची. आम्ही दोघी हसायचो. मग नीलेशचं लग्न झालं, दीपाली आली, आणि तिचं पहिलं हळदीकुंकू सुलूताईच्याच घरात झालं. तिळाच्या वड्या सुलूताईने केल्या, वाण तिने आणलं, खुर्च्या तिने मांडल्या. आणि बायका यायच्या वेळी कुणीतरी वडीलधारी नातेवाईक तिला म्हणाली, "सुलभा, तू जरा आतल्या खोलीत बस हं."

ती आत बसली नाही. वड्यांचा डबा उचलून सरळ माझ्याकडे वर आली. रडली वगैरे काही नाही. गॅलरीत उभी राहून एका वडीचा तुकडा पाडायचा प्रयत्न करत राहिली, कारण तिच्या वड्या दगड व्हायच्या, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. खालून बायकांचे आवाज येत होते, अत्तराचा वास येत होता. मग म्हणाली, "मास्तर, तू पोपटी खाल्लीयेस का कधी?"

रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भात कापून झालं की आमच्याकडे त्याच जमिनीत वाल लावतात. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. बांधावर उगवणारं हे साधं तण, पण त्याला ओव्यासारखा उग्र वास असतो. त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मीठ, ओवा, कुणी मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. ही पोपटी. ती लागते रात्री, शेतात, आणि ती लावतात पुरुष. सोबत बाटल्या असतात, गाणी असतात. सुलूताईने हिवाळ्यातल्या शेवटच्या फेऱ्यांना किती वर्षं खिडकीतून ते जाळ पाहिले होते. "नेऱ्याच्या पुढे गाडीत तो वास शिरायचा ना, तेव्हा मी तिकीट द्यायचे विसरायचे," असं ती सांगायची. एकदा धाकट्या दिराला म्हणाली, मलाही घेऊन चल. तो म्हणाला, "वहिनी, रात्री तिथे तुमचं काय काम?"

त्या दिवशी माझ्या गॅलरीत तिने त्याचं उत्तर शोधलं. "रात्री काम नाही ना? मग आपण दिवसा लावू."

नेरे गावाच्या पुढे हिराबाईचं शेत आहे. भाजीच्या पाट्या घेऊन ती वर्षानुवर्षं सुलूताईच्या गाडीने पनवेलच्या बाजारात यायची, तिथली ही ओळख. तिच्याकडे विषय काढला तर ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "दिसाची पोपटी? येड लागलंय का तुमाला? आमी जलमात आयकली नाय!"

"आता ऐक," सुलूताई म्हणाली.

त्या पहिल्या वर्षी आम्ही चौघी निघालो. ती, मी, साळवीकाकू त्यांच्या मुलाची गियरची सायकल घेऊन, आणि जुन्या पनवेलात फॉल-पिकोचं दुकान चालवणारी नसीम, जिने सलवारीचे पायचे कपडे वाळवायच्या चिमट्यांनी बांधले होते. सुकापूर, आकुर्ली, मग टॉवरांची रांग आणि डंपरांची धूळ, आणि नेऱ्याच्या पुढे एकदम मोकळं. समोर माथेरानचा डोंगर, थंडीत निळा पडलेला. सुलूताईचा नियम एकच. सगळ्यांत हळू चालवते ती सगळ्यांत पुढे. बाकीच्यांनी तिच्या वेगाने यायचं. स्वतः ती सगळ्यांच्या मागे, जुन्या गाड्यांना कंडक्टरचं दार मागे असायचं तसं, आणि हँडलवर घंटी: एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. साळवीकाकू पुढे. त्या इतक्या हळू चालवत होत्या की कडेने चालणाऱ्या बकऱ्या आमच्यापुढे गेल्या. बाइकवरची दोन पोरं बाजूने जाताना ओरडली, "आंटी, रिक्षा करा!" मागून कंडक्टरचा आवाज आला, "मागची गाडी रिकामी आहे, तिने या!" पोरं गोंधळून खरंच मागे वळून बघायला लागली.

आणि पोपटी फसली. रात्री निखारा किती धरला आहे हे रंगावरून दिसतं. भर उन्हात जाळ दिसतच नाही, नुसती हवा थरथरते. दिवसा पोपटी लावणाऱ्या आम्हीच, त्यामुळे ही चूक करायलाही आधी कुणी नव्हतं. मडकं फोडलं तर बटाटे टणक, शेंगा कच्च्या, एक अंडं साळवीकाकूंच्या पदरात ओघळलं. आम्ही तिघी सुलूताईकडे पाहत राहिलो. तिने एक शेंग घेतली, दाणा काढला, चावला... बराच वेळ चावला. मग दुसरी घेतली. "खा," म्हणाली. "घरी विचारतील." आम्ही खाल्ली. संध्याकाळी इमारतीच्या खाली दीर उभाच होता, खास चौकशीला आलेला. "काय वहिनी, झाली का तुमची पोपटी?"

"एक नंबर," सुलूताई म्हणाली. मागे आम्ही तिघींनी माना डोलावल्या.

तेव्हापासून हेच. एका वर्षी जळून कोळसा झाली, एक नंबर. एकदा मीठच राहिलं, एक नंबर. अवकाळी पावसात पेंढा भिजला आणि हिराबाईच्या ओटीवर बसून आम्ही गुळपोळ्यांवर भागवलं, तरी घरी गेल्यावर एक नंबर. नंतर नंतर हात बसला आणि ती खरोखरच उत्तम व्हायला लागली, पण त्याचं घरच्यांना काहीच कौतुक वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी ती कधी बिघडलीच नव्हती. दर वर्षी बायका वाढत गेल्या. कळंबोलीहून, रोडपालीहून, कुणी मैत्रिणीची मैत्रीण. कुणाला नवरा होता, कुणाला नव्हता, कुणाला असून नव्हता. तिथे कुणी विचारलं नाही.

ती संत नव्हती. हुकूमशहा होती. कुणी तिच्या मागे राहिलेलं तिला खपायचं नाही, रुसली की दोन दोन दिवस बोलायची नाही, आणि शेतात पोपटी फुटली की पहिला हात तिचा. वाट पाहणं नाही, "घ्या ना, तुम्ही घ्या" नाही. एकदा साळवीकाकूंनी सवयीने सगळ्यांना वाढायला घेतलं तर तिने त्यांचा हात धरला. "घरी वाढताच ना रोज? इथे वाढणं बंद. ढीग आहे, हात आहेत, ओढा आणि खा." चांगल्या भरलेल्या शेंगा हेरून ती स्वतःकडे ओढायची. नसीम म्हणायची, "अल्ला कसम, आपा, दुसऱ्यांनाही पोट आहे." त्यावर ही तोंड भरलेलं असताना नुसती हसायची.

दीपाली मात्र कधी आली नव्हती. तिची मुलगी ओवी लहान, रविवारी पाहुणे, आणि मुख्य म्हणजे सायकल येत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात सुलूताईने तिला शिकवायला घेतलं. विचुंब्याच्या बाजूला एक मोकळा रस्ता आहे, तिथे रोज सकाळी दोघी. सासू मागून कॅरिअर धरून पळते आहे आणि सून पुढे किंचाळते आहे, हे दृश्य बघायला लोक थांबायचे. शेवटचं आमचं बोलणं तेच होतं. ती जायच्या आधीच्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती म्हणाली, "हिराबाईच्या वालाला फूल आलंय. या वर्षी दीपाली येणार. तिला पुढे घालायचं." मी म्हटलं, नेऱ्याचा चढ जमेल का तिला? "नाही जमला तर उतरेल आणि ढकलेल. त्यात काय..." मग चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून गेली. कधीच विसळायची नाही.

आता मला राग का आला ते सांगते. जानेवारी लागला आणि घराघरांतून सूर निघायला लागले. कुणाचा मुलगा म्हणाला, झालं ना आता, बास करा. कुणाचा नवरा म्हणाला, बघितलंत ना काय झालं ते. एकेक फोन यायला लागला, "या वर्षी माझं जरा कठीण आहे गं." मग सोसायटीची बैठक झाली आणि सेक्रेटरींनी तोडगा काढला. फेरी निघू दे, पण स्मृतिफेरी म्हणून. गेटवर सुलूताईंच्या फोटोचा बॅनर, सगळ्यांना फोटो छापलेले टी-शर्ट, निघण्याआधी दोन मिनिटं स्तब्धता, आणि सुरक्षेसाठी एक गाडी पुढे, एक मागे. गाड्यांत पुरुष मंडळी बसतील. किती चांगली माणसं! टाळ्यासुद्धा पडल्या. साळवीकाकूंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. म्हणजे जिवंतपणी जिने कुणाची परवानगी मागितली नाही, तिला मेल्यावर दोन गाड्यांच्या मध्ये घालून मिरवायचं. मी उभी राहिले आणि म्हटलं की सुलूताईला दोन मिनिटं स्तब्ध राहिलेली कुणी पाहिली असेल तर हात वर करा. हात वर आला नाही, पण सेक्रेटरींचा चेहरा पडला. नसीमला सगळं सांगितलं तर तिने मशीन थांबवलं. "बॅनर करू द्या की. कापड चांगलं असतं. आपाने त्यात शेंगा बांधून आणल्या असत्या."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी नीलेश वर आला. गुणी मुलगा आहे, मी त्याला गणित शिकवलं आहे. दारातच उभा राहिला. "मावशी, तुम्ही जा. पण दीपालीला सांगू नका. आमच्याकडे या वर्षी सण नाही, तिळगूळही केला नाही. वर्ष तरी होऊ दे." मी विचारलं, दीपाली काय म्हणते? "ती काही म्हणत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मग मीही काही म्हणत नाही. पण आम्ही रविवारी निघतोय, गाडी नाही, बॅनर नाही. तो खाली गेला. त्या आठवड्यात मी रोज जिन्यातून उतरताना त्यांच्या दाराकडे बघायचे. खरं सांगते, मला भीती वाटत होती. बाकी सगळ्या आल्या असत्या आणि दीपाली आली नसती, तर ती फेरी माझ्या लेखी झालीच नसती.

रविवारी उजाडता उजाडता खाली आले तर दीपाली पार्किंगमध्ये सासूची सायकल पुसत होती. पंक्चर तिने परस्पर काढून आणलं होतं. ट्रॅकसूटवर सुलूताईचा एसटीतला खाकी स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मला म्हणाली, "मावशी, मला ब्रेकची अजून भीती वाटते." मी म्हटलं, मग लावू नकोस, आपण आहोतच हळू. हळूहळू बायका आल्या. ज्यांचं कठीण होतं त्यांतल्याही काही आल्या. साळवीकाकूही आल्या, डोक्याला स्कार्फ गुंडाळून, जणू बैठकीत त्या नव्हत्याच. दीपालीला पुढे घातलं. मागे कोण हे कुणी ठरवलं नाही. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी मागे पडले. आणि मागे पडल्यावर मला कळलं की ती बाई एवढी वर्षं मागे का राहायची. पुढून फक्त रस्ता दिसतो. मागून सगळ्या जणी दिसतात. कुणाची वेणी सुटली आहे, कोण एका हाताने चालवून दाखवते आहे, कोण घरी भांडून आल्यासारखी ताठ बसली आहे, आणि सगळ्यांच्या पलीकडे, वळणावर डुगडुगत, एक खाकी स्वेटर. मला रडू आलं. धूळ होती असं सांगता आलं असतं, पण धूळ नेऱ्याच्या अलीकडेच संपली होती.

नेऱ्याच्या पुढे मागून गाडीचा आवाज येत राहिला. पुढे जाईना. वळून पाहिलं तर नीलेश. आमच्या वेगाने, पहिल्या गियरवर, आकुर्लीपासून मागे मागे येत असणार. मी सायकल रस्त्याच्या मध्ये आडवी लावली. त्याने काच खाली केली.

"मी काही बोलणार नाही मावशी. नुसता मागे राहतो."

"नाही राहायचं."

"काही झालं तर?" तो म्हणाला. "आईच्या वेळी मी ऑफिसात होतो. कुणीच काही करू शकलं नाही. हिच्या वेळी तरी..." आणि तो पोरगा स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला. दहाव्याला, तेराव्याला रडला नव्हता. माझा सगळा राग तिथल्या तिथे ओसरला, पण मी रस्त्यातून हलले नाही. खिडकीतून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नीलेश, तुझी आई घरात गेली. दिवाणावर बसून, मटार सोलताना. या रस्त्याने तिला कधी काही केलं नाही रे. तू मागे राहिलास तर दीपाली आयुष्यभर तुला विचारून ब्रेक दाबेल."

तोवर पुढून बाकीच्यांबरोबर दीपाली सायकल ढकलत परत आली होती. धापा टाकत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, रुमाल दिला, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, घरी जा. ओवी उठली असेल. तिचं दूध फ्रिजमध्ये आहे, गरम करून द्या. साखर नको." त्याने डोळे पुसले आणि तो गाडी वळवायला लागला. अरुंद रस्ता, मागे-पुढे करत वळायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही सगळ्या जणी कडेला उभ्या राहून त्याला "अजून थोडं, अजून थोडं" सांगत होतो.

हिराबाईने पाला तोडून ठेवला होता. तिच्या शेजारच्या शेतांना आता पत्र्याचं कुंपण लागलं आहे, आत जेसीबी उभा आहे. "आमचाबी नंबर लागल," ती म्हणाली. "पन या सालची पोपटी झाली ना, मंग बगू." मडकं भरलं, उपडं ठेवलं, पेटवलं. जाळ नेहमीप्रमाणे दिसत नव्हता, नुसती हवा थरथरत होती. झाली का बघायला दीपालीने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चुर्र करून उडालं, आणि हिराबाईने काठीने मडकं ओढून फोडलं. वाफ उठली, भांबुर्ड्याचा वास सगळ्या शेतभर झाला. दर वर्षी या क्षणी जो पहिला हात पुढे यायचा, तो आला नाही. सगळ्या ढिगाकडे बघत उभ्या.

मग साळवीकाकू पुढे झाल्या. त्यांनी केळीचं एक पान घेतलं, त्यावर निवडून निवडून शेंगा ठेवल्या, एक बटाटा, एक अंडं, तिळाची एक वडी, आणि पान थोडं बाजूला, बांधाजवळ नेऊन ठेवलं. "सुलूचं पान," त्या म्हणाल्या आणि हात जोडले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी डोक्यावरून पदर घेतला. कुठूनसा एक कावळा येऊन बांधावर बसला, आणि आम्ही सगळ्या शहाण्यासुरत्या बायका पोटात भूक घेऊन त्या कावळ्याकडे बघत उभ्या राहिलो, की आता तो काय करतो.

दीपाली खाली बसली. हात पुढे करून तिने ते पान स्वतःकडे ओढलं.

"अगं!" साळवीकाकू म्हणाल्या.

"आईंनी त्यांच्या वाट्याचं कधी कुणाला सोडलंय का?" दीपाली म्हणाली. तिने सगळ्यांत भरलेली शेंग उचलली, सोलली, आणि तोंड पोळत असतानाच दुसरी घेतली. नसीम तिच्या शेजारी बसली. मग मी. मग ढिगावर एकदम इतके हात पडले की कोण कुणाचं ओढतं आहे ते कळेना.

कावळा बराच वेळ बसून होता. मग उडून गेला.